मंगलनं धरलेला हात

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. सध्या माझा मुक्काम कऱ्हाडजवळच्या मलकापुरात बनाबाईंच्या परड्यात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी आहे. नीट पाहिलंत तर माझ्या दोन्ही बाजूंना करवतीच्या खुणा दिसतील. तिथे पूर्वी हात होते. कोंबड्यांना त्याचं सोयरसुतक नाही, त्या खुशाल तिथे चोच घासतात. पण तुम्ही शाळेत जाणारी मुलं आहात, म्हणून तुम्हाला सांगते.

मला अर्जुना सुतारांनी घडवलं. लाकूड बाभळीचं, जात कठीण. त्यांचा रंधा सारखा बोथट व्हायचा आणि ते माझ्या नावानं शिव्या घालायचे. हात करताना मात्र ते रमून गेले. "बाईमानूस दिसभर पोरांशी डोकं लावनार. हात टेकाय ऐसपैस जागा नगं व्हय?" असं म्हणत त्यांनी माझे हात रुंद केले आणि काचकागदानं घासून घासून गुळगुळीत केले. ते हात कशासाठी उपयोगी पडणार आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. जो तो पोराला इंग्रजी आलं पाहिजे म्हणत होता. हंबीररावांनी हायवेच्या कडेला निवासी इंग्रजी शाळा काढली. तिचा नियम एकच, फाटकाच्या आत मराठी बंद. वर्गात, जेवताना, अंथरुणात, कुठेही मराठी शब्द तोंडातून निघता कामा नये. भेटायला आलेल्या आईबापांनाही तोच नियम. "पोरगं पाण्यात टाकलं की आपसूक पोहायला लागतं," असं हंबीरराव सांगायचे. पाण्यात टाकलेलं पोर आणखी काय काय करतं, हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको. पण शाळाच ज्याची, त्याला कोण शिकवणार?

स्वयंपाकाला बनाबाई होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मुलांना मुकाट्यानं वाढायचं, असा हुकूम होता. "आठ दिसांत दातखीळ बसंल वाटलं मला," असं त्या अजून कोंबड्यांना सांगतात. हंबीरराव स्वतः मात्र कचेरीत बसून अस्सल मराठीत ओरडायचे. नियम लहानांसाठी होता.

पहिलीच्या वर्गात माझी नेमणूक झाली. माझ्यावर किती बाया बसून गेल्या, ते मोजणं मी लवकरच सोडून दिलं. कोणी केरळची, कोणी गोव्याची, कोणी बेळगावची. नव्याचे नऊ दिवस संपले की त्यांना कळायचं, की इथे पाण्याची बोंब आहे, जिवाभावाचं बोलायला माणूस नाही आणि हंबीररावांच्या तोंडाला फाटक नाही. मग एक दिवस ट्रंक बाहेर यायची.

त्यातही हंबीररावांची एक रीत होती. जाणाऱ्या बाईची आणि येणाऱ्या बाईची गाठ पडू द्यायची नाही. "जाणारी येणारीचे कान भरती," असं ते म्हणायचे. म्हणून एकीला सकाळच्या गाडीनं लावून द्यायचं आणि दुसरीला दुपारच्या गाडीनं आणायचं. मधल्या वेळात मी एकटी असायचे. कोण डावखुरा आहे, कोण अंथरूण ओलं करतो, कोणाला मोठ्या आवाजाची भीती वाटते, हे एक बाई शिकायची आणि बरोबर घेऊन जायची. दुसरीचा पुन्हा श्रीगणेशा. मला सगळं माहीत होतं, पण खुर्चीला कोण विचारतो? पुढे पुढे तर मुलं नव्या बाईचं नाव विचारीनाशी झाली.

या सगळ्यांत एक लीलाम्मा निराळ्या निघाल्या. त्यांचे पती फौजेत होते. त्यांच्याच वेळी आटपाडीकडून मंगल आली. तिला पोचवायला तिचे वडील बिरदेव आले होते. त्यांच्या घरी मेंढरं होती, अंगाला लोकरीचा वास होता. वर्गाच्या दारात हात जोडून ते म्हणाले, "बाई, माजा भाऊ तिकडं मद्रासकडं गलाईच्या दुकानात सोनं गाळतोय. तिथली भाषा येत न्हाई, मुक्यावानी ऱ्हातोय बगा. माजी पोर मुकी ऱ्हायाची न्हाई, एवढं करा." तेवढ्यात शिपायानं त्यांना नियम सांगितला. बिरदेवांनी घाईनं तोंडावर हात ठेवला. सरळ माणूस, त्यांनी तो नियम देवाच्या आणेसारखा पाळला.

मंगल कितीतरी दिवस बोललीच नाही. मग लीलाम्मांनी दार लावून घेतलं आणि कऱ्हाडच्या बाजारात भाजी घेता घेता शिकलेल्या मोडक्या मराठीत मुलांना सांगितलं, "बोलायचं आहे, इंग्रजी येत नाही, तर हा खुर्चीचा हात पकडायचा. हात पकडला, मराठी माफ."

सगळ्यांत आधी मंगल उठली. माझा उजवा हात घट्ट धरून ती म्हणाली, "बाई, आमच्या मेंढीला आता कोकरू झालं आसंल." लीलाम्मांना कोकरू कळेना. मंगलनं बें बें करून दाखवलं. वर्ग हसला, लीलाम्माही हसल्या आणि त्यांनी तिला 'लॅम्ब' हा शब्द दिला. तो तिचा पहिला इंग्रजी शब्द. मग रोज कोणी ना कोणी यायचं. लहान हातांच्या घामानं माझा तो हात काळा पडला. मित्रांनो, मला त्याचा फार अभिमान होता.

पण फौजेतल्या माणसाची बदली होतेच. लीलाम्मा हंबीररावांना म्हणाल्या, "सर, मी एक दिवस थांबते. नव्या टीचरला मुलांचं सांगते."

"काय गरज न्हाई. सकाळची गाडी धरा."

त्या गेल्या. दुपारी नव्या बाई आल्या. त्या वाईट नव्हत्या. पहिलीच नोकरी, वय कोवळं, आणि कोणी काही सांगितलेलं नाही.

आठवड्याभरात मंगलचा कान दुखू लागला. ती मुकाट्यानं आली आणि माझा हात धरून उभी राहिली. बाईंनी इंग्रजीत जागेवर बसायला सांगितलं. मंगल हलली नाही, नव्या बाई 'मराठी माफ' म्हणतील याची वाट पाहत राहिली. बाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर चार पोरं उठली. मैत्रिणीचं दुखणं सांगायचं होतं त्यांना. सगळ्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बाईंच्या तोंडाकडे पाहत पोरं उभी राहिली. बाई घाबरल्या आणि तशाच कचेरीत गेल्या.

हंबीररावांना ते बंड वाटलं. त्यांनी अर्जुनांना बोलावून घेतलं. "पोरं खुर्चीला लोंबकळत्यात. हात कापून टाक."

"आवं, पर हात काय वाईट झाल्यात व्हय?" अर्जुना म्हणाले.

"काप म्हटलं की काप!"

ज्यांनी घासून घासून हात घडवले, त्यांनीच करवत चालवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तुकडे बनाबाईंच्या चुलीत गेले. बाभळीचा जाळ चांगला, त्या दिवशीचा भात लवकर शिजला.

पुढच्या रविवारी बिरदेव भेटायला आले. त्यांना माझ्यावर बसवलं. ते अगदी कडेला टेकले. मंगल समोर आली. तिनं सवयीनं हात लांब केला, पण धरायला काही नव्हतं. तिनं ओठ उघडले, तशी बिरदेवांनी घाईनं तोंडावर बोट ठेवलं. बोलली तर पोरीचं इंग्रजी बिघडेल, अशी त्यांना भीती. तेव्हा तिनं कानाच्या पाळीला बोट लावून दाखवलं. पुन्हा पुन्हा दाखवलं, डोळ्यांत पाणी आणून दाखवलं.

बिरदेव हसले. वर्गातल्या पोरींच्या कानांत डूल होते, ते त्यांनी पाहिले होते. पोरीनं हट्ट केला, आपण पुरवायचा. त्यांनी मान डोलावली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, भाकरीचं गाठोडं दिलं आणि भेटीची वेळ संपताच निघून गेले. मी त्यांच्या अंगाखाली होते. मित्रांनो, ओरडावंसं मला इतकं कधीच वाटलं नव्हतं.

चार दिवसांनी कान फुटला. ताप मेंदूत गेला. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी शर्थ केली, पोर वाचली, पण दोन्ही कान गेले. नव्या बाई माझ्यावर बसून ढसाढसा रडल्या. "मला कोणी सांगितलंच नाही," एवढंच त्या इंग्रजीत म्हणत होत्या. मग त्यांचीही ट्रंक बाहेर आली.

बिरदेव मंगलची पेटी न्यायला आले, तेव्हा त्यांच्या मुठीत कागदाची पुडी होती. भावानं मद्रासकडून सोन्याचे डूल पाठवले होते. मंगल पाठमोरी माझ्याजवळ उभी होती. करवतीच्या खुणेवर तिचा तळवा होता. बिरदेव दारातून म्हणाले, "मंगल." मग मोठ्यानं म्हणाले, "मंगल! ये मंगल! बग की गं, काय आणलंय!" शिपाई पुढे आला नाही, हंबीररावांनीही कचेरीतून डोकं बाहेर काढलं नाही. त्या आवारात बिरदेव पहिल्यांदाच पोरीशी मराठीत बोलत होते आणि पोर वळून बघत नव्हती.

पुढे शाळा बंद पडली आणि बनाबाईंनी मला इथे आणलं. त्या माझ्यावर कधी बसत नाहीत.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कुठल्यातरी खुर्चीवर बसाल आणि एक दिवस ती सोडाल. सोडताना मागून येणाऱ्यासाठी थोडं थांबा, त्याला चार गोष्टी सांगा. आणि कोणी न बोलता येऊन तुमचा हात धरला, तर त्याची बोटं सोडवू नका. खाली वाका आणि त्याच्या भाषेत विचारा, काय झालं बाळा?