तिसऱ्या वळणावरचा टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. रेसच्या ट्रॅकवर तिसऱ्या वळणाला टायर रचून भिंत केलीय ना, त्यात खालून दुसरा, तो मी. कुणाची गाडी घसरून आली की धक्का मी खातो. पूर्वी मात्र मीच घसरायचो.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. साचा, वाफ, करपट वास. बस. खरं आयुष्य सुरू झालं मिस्त्रीकाकांच्या हातात. त्यांनी मला गो-कार्टच्या पुढच्या डाव्या चाकावर चढवलं. गो-कार्ट म्हणजे रस्त्याला पोट घासेल की काय, इतकी बुटकी रेसची गाडी. आमच्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, म्हणजे सगळं ओझं डाव्या टायरवर. सगळ्यात आधी मीच झिजणार, हे पहिल्याच दिवशी ठरलं. चालायचंच.

गाडी भिंगरीची. वय पंधरा. तिचा मावसभाऊही पंधराचाच, पण त्याला सगळे आजोबा म्हणायचे. कारण त्याच्या फेऱ्या. एकोणपन्नास सेकंद. एकोणपन्नास. परत एकोणपन्नास.

"आजोबा, काठी देऊ का?" भिंगरी ओरडायची.

"दे की. तू भिंतीत शिरलीस की ओढून काढायला होईल."

एके दिवशी भिंगरीने माझ्यावर अठ्ठेचाळीस सेकंदांत फेरी मारली. ट्रॅकवरचा विक्रम! काकांनी खडूने माझ्या अंगावर चांदणी काढली. आधीच हवा भरलेली, त्यात ही चांदणी. किती फुगलो असेन बघा.

पण तेव्हापासून मला एक कोडं पडलं. रेसमध्ये एक सेकंद म्हणजे केवढा तरी फरक. मग लांबच्या शर्यतीत शेवटी पुढे आजोबाच कसा?

उत्तर मिळालं ते मोठ्या शर्यतीच्या दिवशी. वीस फेऱ्या. एका मोठ्या संघाचे साहेब बघायला आले होते. या दोघांपैकी एकालाच ते पुढच्या वर्षी मोठ्या गाडीत बसवणार होते. दोघांना चार-चार नवे टायर मिळाले.

भिंगरी म्हणाली, "काका, नवे नकोत. जुनेच लावा. माझा विक्रम यांच्यावर झालाय."

काकांनी माझ्यावरून तळहात फिरवला. "अगं बाई, हा तापून तापून दगड झालाय. चार फेऱ्यांचा जीव उरलाय त्याच्यात."

"चार पुरे. तेवढ्यात सगळ्यांना मागे टाकते."

मला माहीत होतं काका बरोबर बोलतायत. पण खरं सांगू? मला आनंद झाला. कोऱ्या टायरांना सोडून तिने मला निवडलं होतं!

पाच फेऱ्या आम्ही उडालो नुसते. सहाव्या फेरीत मी घसरलो. तिने स्टेअरिंग आणखी पिळलं. मी आणखी घसरलो. मागून एक आवाज जवळ येत होता, घाई नसलेला. चौदाव्या फेरीत, इथेच, तिसऱ्या वळणावर आजोबा आतून शांतपणे पुढे गेला. त्याला गाठायला तिने ब्रेक उशिरा दाबला. माझी पकड सुटली आणि आम्ही थेट भिंतीत.

भिंगरीला खरचटलंही नाही. माझा खांदा फाटला.

जागा आजोबाला मिळाली. भिंगरी शेडमध्ये मला मांडीवर घेऊन बसली होती. तो आला. आता चिडवणार, वाटलं मला. तो तिच्या शेजारी फरशीवर बसला.

"ते अठ्ठेचाळीस कसं काढतेस गं? साहेब म्हणाले, टिकतोस छान, पण आता वेग दाखव. मला नाही जमत."

भिंगरीने नाक पुसलं. "आधी तू सांग. चौदाव्या फेरीत तुझे टायर जिवंत कसे?"

"टायर किंचाळायला लागला की मी हात सैल सोडतो. तुला ऐकूच येत नाही. हेल्मेटमध्ये तूच ओरडत असतेस ना!"

ती हसली. रडत रडतच हसली.

मग काकांनी मला या भिंतीत बांधलं. वर्षभर सरावाआधी भिंगरी यायची, माझ्या फाटक्या खांद्यावर तळहात ठेवायची. मग जाऊन नव्या टायरांवरून तसाच हात फिरवायची.

पुढच्या वर्षी तीच शर्यत, तेच साहेब. एकोणीस फेऱ्या ती माझ्यापासून ठरलेल्या वीतभर अंतरावरून गेली. ठरलेला आवाज. मला कंटाळाच आला. म्हटलं, ही पण आजी झाली की! आणि विसाव्या फेरीला असा आवाज आला की आमची अख्खी भिंत शहारली. साहेब वही मिटून उभे राहिले. काका खडू घेऊन तिच्या पुढच्या डाव्या टायरकडे धावत सुटले.

मित्रांनो, पायात वेग असेल तर दाबून ठेवू नका. पण ज्याच्या जिवावर धावताय, त्याच्यावरून निघण्याआधी एकदा हात फिरवा. तो आपणहून सांगणार नाही. आपल्याला निवडलं, या आनंदात तोही माझ्यासारखा गप्प बसलेला असेल.