सैल न झालेले बोल्ट

"ताई, हल्ली बोल्ट सैलच होत न्हाईत बगा," पाना खिशात घालत गोरक्षमामा म्हणाले आणि टेम्पोवाल्याला बोलवायला गेले.

नगरच्या एमआयडीसीतल्या या प्रयोगशाळेत यंत्रांना मुद्दाम भूकंपाचे हादरे देतात. यंत्र लोखंडी टेबलावर बोल्टने आवळायचं, संगणकातल्या सॉफ्टवेअरने टेबल हलवायचं आणि यंत्र टिकलं की पास. आवळायचं काम गोरक्षमामांचं, तेही बारा वर्षांपासून. सॉफ्टवेअर चालवून अहवालावर सही करायचं काम हेलनचं, वर्षही झालं नव्हतं. आजचं पॅनल कोयनेच्या बाजूला एका रुग्णालयात जायचं होतं. वीज गेली की जनरेटरची वीज अतिदक्षता विभागात सोडणारं ते पॅनल. सकाळीच हेलनने त्याला पास केलं होतं.

बोल्ट सैल होत नाहीत म्हणजे काय? एवढ्या हादऱ्यांनंतर दोन-चार तरी सैल व्हायलाच हवेत. तिने सेन्सरचा कागद काढला. टेबल किती हलतंय हे सॉफ्टवेअरला सांगणारा तो सेन्सर. कागदावर त्याच्या संवेदनशीलतेचा आकडा होता शंभर, सॉफ्टवेअरमध्ये भरलेला होता दहा. एक शून्य राहिलं होतं. त्यामुळे टेबल जरासं हललं तरी सॉफ्टवेअरला ते दहापट वाटायचं आणि बिचारं आपलं टेबलाला आवरून धरायचं. पॅनलने भूकंप सोसलाच नव्हता. त्याच्या वाट्याला एक दशांश हादरा आला होता.

बाहेर पॅनल चढवलेला टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. आकडा बदलायला दोन सेकंद पुरले असते, मग कुणाला काही कळलं नसतं. सांगितलं तर नोकरी जाईल, प्रयोगशाळेचे प्रमुख सॅमसन सर पुन्हा तोंड बघणार नाहीत. त्यांनीच तर चर्चमधली ओळख लावून तिला इथे घेतलं होतं. आकडा कोणत्या तारखेला भरला हे दाखवणारं बटण समोरच होतं. ते दाबायची तिची हिंमत झाली नाही. माणूस घाबरला की असाच अर्धवट शहाणा होतो. तिला भीती वाटली, साधी, उघडी भीती, आणि त्या भीतीतच ती उठून सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, टेम्पो थांबवा."

सॅमसन सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत, उठून टेम्पो थांबवायला गेले. पॅनल परत टेबलावर चढलं. गोरक्षमामांनी बोल्ट आवळले. हेलनने शंभरचा आकडा भरला आणि टेबल सुरू केलं.

टेबल असं उसळलं की खिडकीची काच थरथरली. नवव्या सेकंदाला पॅनलचं दार उघडून आपटलं, आतला एक भाग तुटून लोंबकळला आणि समोरचे दिवे विझले.

"ह्ये तर मेलंच," गोरक्षमामा हळूच म्हणाले. "आन् तिकडं पेशंट आसते तर?"

"हेलन," सर म्हणाले, "चुकीचा आकडा कधीपासून आहे?"

आता पळवाट नव्हती. तिने तारखेचं ते बटण दाबलं. तीन मार्च. भरणाऱ्याचं नाव, हेलन. त्यानंतरच्या चाचण्यांची यादी ती बोटाने मोजत गेली. आजचं सोडून नऊ पॅनल. नऊच्या नऊ पास, नऊ अहवालांवर तिची सही, आणि नऊही पॅनल केव्हाच बसवून झालेली.

सरांनी यादीतलं पहिलं रुग्णालय पाहिलं, नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. "तूच सांग. मी इथंच उभा आहे."

पलीकडे एका बाईंनी फोन उचलला. हेलनने आपलं नाव आणि प्रयोगशाळेचं नाव सांगितलं.

"अगंबाई, तुम्हीच का त्या!" बाई खुशीत म्हणाल्या. "तुमचं पॅनल एकदम झकास चाललंय हो. आमच्याकडे सकाळपासून वीज नाहीये, सहा पेशंट व्हेंटिलेटरवर आहेत, सगळं त्याच्यावरच चालू आहे. बोला ना, काय म्हणत होता?"