पाहुण्यांपुढं दुखणं

शिवकन्येची चूक एवढीच झाली, की तिनं गावाला आधी सांगितलं. "गुरुवारी पुण्याचे पाहुणे यायलेत," असं ती घरोघर सांगत फिरली आणि चुडाव्याच्या पलीकडल्या त्या गावानं कंबर कसली. पाराभोवती सडा पडला, मारुतीला नवा शेंदूर चढला, हुरड्यासाठी कोवळी कणसं निवडून ठेवली गेली. शिवकन्या गावची आशाताई, घरोघर जाऊन दुखण्याखुपण्याची चौकशी करणारी सरकारी आरोग्यसेविका. कुणाच्या घरात कोण कण्हतंय हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण आपल्याच गावाची रीत तिच्या ध्यानात आली नाही. पाहुण्यापुढं दुखणं काढायचं नाही, ही ती रीत. व्याही येवोत नाहीतर कलेक्टर, त्यानं "कसं काय?" विचारावं आणि गावानं "बेस हाय" म्हणावं. आत कुणी तापानं फणफणत का असेना!

आता हे पाहुणे कशाला येणार होते, ते सांगायला हवं. दर गुरुवारी गावात फिरता दवाखाना यायचा. पांढरी गाडी, आत तपासायचा बाक, औषधांचं कपाट आणि डॉक्टर संघप्रिया. एका संस्थेच्या अनुदानावर ती गाडी चालायची आणि ते अनुदान मार्चला संपत होतं. पुढं द्यायचं की नाही, हे गावकऱ्यांशी बोलून ठरवायला संस्थेच्या बाई येणार होत्या.

शिवकन्येच्या जिवाला घोर होता सासूच्या पायाचा. दगडाबाईला साखरेचा आजार. टाचेला झालेली जखम काही केल्या भरेना. पूर्णेच्या सरकारी दवाखान्यात नेऊन आणायचं तर अख्खा दिवस मोडायचा, म्हणून नेणं राहून जायचं. संघप्रिया आली आणि जखम भरत चालली. मधल्या दिवसांत शिवकन्या पट्टी बदलायची, तीही दार लावून. पोटच्या पोराला, बजरंगलाही, म्हातारीनं तो पाय कधी दाखवला नव्हता. गाडी बंद झाली तर हा पाय जाणार, हे सासू-सुनेला दोघींनाही कळत होतं.

गुरुवारी बाई आल्या. वयानं पोक्त, बोलायला मऊ. पारावर सगळं गाव धुतल्या कपड्यांत बसलेलं. बाईंनी चंद्रभानमामांपासून सुरुवात केली.

"तब्येत कशी आहे? काही त्रास?"

"न्हाई बा. समदं बेस हाय," मामा म्हणाले. साखरेची गोळी त्यांच्या खिशातच होती.

"आणि तुम्हाला?"

"पांडुरंगाची किरपा."

बाई एकेकाला विचारत गेल्या आणि गाव ठणठणीत होत गेलं. ज्या बाईला जिना चढताना दम लागायचा तीसुद्धा हसून म्हणाली, "आमाला काय व्हायलंय?" दगडाबाईनं लुगड्याचा काठ टाचेवर ओढला आणि म्हणाली, "मी तर चांगली धडधाकट हाय."

शिवकन्या अर्धी उठली आणि परत बसली. बोलावं तर कसं? दुसऱ्याचं दुखणं चारचौघांत काढायचं नाही, हे तिच्या कामात पहिल्यांदा शिकवलेलं. गप्प बसावं तर गाडी जाते. संघप्रिया गाडीच्या दारात उभी होती, तिचंही तोंड उतरलेलं.

बाईंना मात्र आनंद झाला. "इतकं निरोगी गाव मी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "मग ही गाडी जिथं जास्त गरज आहे तिथं पाठवायला हवी. नाही का?"

कणसं भाजणाऱ्याचा हात थांबला. पाहुणचार अंगाशी आला होता, पण बोललेला शब्द आता फिरवायचा कुणी?

दगडाबाई उठली. लंगडत बाईंपुढं आली, पाराच्या कडेला टेकली आणि भर गावासमोर टाचेची पट्टी सोडायला लागली. शिवकन्या धावली, तर म्हातारीनं तिला हातानंच थांबवलं.

"बाई, मी मघा खोटं बोलले. बघा ह्यो पाय. आत बोट जायाचं एवढं भगदाड होतं. ह्या डागदरीण पोरीनं भरून आणलंय. तुमी गाडी नेली तर म्या पाय तोडून घ्यायचा, का?"

जी म्हातारी सुनेपुढंसुद्धा भिंतीकडं तोंड करून पाय उघडा करायची, ती ही! बजरंग आईच्या पायाकडं बघतच राहिला.

मग मामांनी खिशातली गोळी काढून तळहातावर धरली. "मला बी साखर हाय. घरी बी चोरूनच खातो." हसू फुटलं, आणि बांध फुटावा तसं गाव बोलू लागलं. कुणाचा दमा, कुणाचं फेफरं, कुणाचं न दिसणं. एक सून पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बाळंतपणापासून माझं अंग बाहेर येतंय." पुरुषांनी माना खाली घातल्या, पण कुणी उठून गेलं नाही. बाईंनी तिचा हात हातात घेतला. शिवकन्येला वाटलं, इतकी वर्षं मी ही दारं वाजवली, पण हे गाव मी आज पाहतेय. देवळात उभं राहिल्यावर माणूस जसं आपसूक हात जोडतं, तसे तिचे हात जुळले.

सगळ्यांत शेवटी बजरंग पुढं आला. बायकोकडं न बघता संघप्रियाला म्हणाला, "पोतं उचललं की छातीत कळ यायलीय. डाव्या हातात उतरायलीय."

संघप्रियानं त्याला गाडीतल्या बाकावर झोपवलं, छातीला तारा लावल्या. यंत्रातून निघालेला कागद तिनं दोनदा बघितला. "हृदयाला रक्त कमी पडतंय. परभणीला न्यायचं. आत्ता, याच गाडीतून."

मार्चनंतरचं काय, हे कुणी विचारायच्या आतच संस्थेच्या बाई म्हणाल्या, "गाडी राहील. ते माझ्यावर सोडा. आधी यांना न्या."

शिवकन्या दारात खिळली होती. "रोज विचारायचे की मी. मला का न्हाई सांगितलं?"

"तू दिवसभर गावाची दुखणी आयकून येतीस," बजरंग म्हणाला. "घरी आल्यावर बी तुला तेच आयकवू का?"

शिवकन्या गाडीत चढली, त्याच्या उशाशी बसली. गाडी सुरू झाली.

"सांगा," ती म्हणाली. "पयल्यापासून सांगा."