शेषेराव मुनीम पुन्हा आले

लेकीला तिसरा महिना लागला होता आणि मी अजून उदगीरला माहेरीच होते. दुपारची वेळ. लेक झोळीत नुकतीच निजली होती. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून मी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात दाराशी कुणीतरी सायकल टेकवली.

डोक्यावरची टोपी काढून ते आत आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. ओळखलं ते बोटांवरून. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला टाकानं पडलेला घट्टा होता. त्याच हातानं कधीकाळी लिंबाची गोळी माझ्या तळहातावर ठेवलेली मला आठवली. मोंढ्यातले मोठे व्यापारी बसलिंगप्पा, त्यांचे मुनीम, शेषेराव.

अव्वाला, माझ्या आईला, तर लगेच कळलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. मुनीमकाका म्हणाले, नको, आत्ताच प्यालो. मला ते खटकलं. उन्हातून सायकल मारत आलेला माणूस, ओठ कोरडे, आणि आमच्या घरचं पाणी नको म्हणतो.

मग त्यांनी रेक्झिनच्या पिशवीतून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. खाली माझ्या वडिलांची, अप्पांची सही होती, माणिकप्पा, मोडक्या अक्षरात. बहात्तरच्या दुष्काळातली. अप्पांचं छोटं किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक सगळं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर, आठवड्याचा पगार झाला की पैसे द्यायचं. त्या उधारीपायी अप्पांनी बसलिंगप्पांकडून आठशे रुपयांचा माल उचलला होता.

बसलिंगप्पा गेले, अप्पाही गेले. चिठ्ठी तशीच कुठल्या तरी बासनात पडून होती. उस्मानाबादला कोर्टाचे खेटे कोण घालणार, म्हणून अशा चिठ्ठ्या कुणी उघडतच नव्हतं. आता लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या जवळ आल्या, तशी जुनी कागदपत्रं बाहेर निघाली. बसलिंगप्पांच्या नातवांनी अख्खं बासन लातूरच्या एका माणसाला विकून टाकलं होतं, आणि त्या माणसानं वसुलीला मुनीमकाकांना ठेवलं होतं. गावातलं घर न् घर त्यांना ठाऊक, म्हणून.

पण पैसे ते मागतच नव्हते. दुसरा एक नवा करकरीत, लिहून आणलेला कागद त्यांनी अव्वापुढं ठेवला. नुसती सही करा म्हणाले, पैशाचं पुढं बघू, सावकाश.

सही म्हटल्यावर अव्वाचा चेहरा खुलला. मठातल्या प्रौढ वर्गात दोन वर्षं जाऊन ती अक्षरं जुळवायला आणि सही करायला शिकली होती. रेशनच्या दुकानात, पोस्टमनच्या वहीवर, जिथं अंगठा चालला असता तिथंही ती चष्मा लावून सही करायची आणि शेवटच्या काना-मात्रेपर्यंत कुणाला कागद ओढू द्यायची नाही. ती देवळीतला पेन आणायला उठली.

मी मेथी बाजूला सारली आणि तो कागद वाचला. नवऱ्यानं घेतलेलं कर्ज मला मान्य आहे, व्याजासह फेडीन, न फेडल्यास राहतं घर आणि पुढची खोली ताब्यात देईन. पुढची खोली म्हणजे अप्पांचं दुकान. आता तिथं शिंपी बसतो आणि त्याच्या भाड्यावर अव्वाचं चालतं. एवढंच तिचं होतं.

आणि ते कर्ज तर फिटलेलं होतं.

त्या उन्हाळ्यात मी दहा-अकरा वर्षांची असेन. शिमग्याच्या आधीच गावातले आड आटले. बसलिंगप्पांचा दगडी बांधणीचा मोठा आडसुद्धा. आमच्या परसातल्या आडाला मात्र, का कोण जाणे, पाणी राहिलं. बसलिंगप्पांच्या घरी चौदा माणसं. गडी सगळे खडीवर गेलेले. मग मुनीमकाका स्वतःच कुणी बघू नये म्हणून पहाटे यायचे, कोट काढून खुंटीला लावायचे आणि धोतर खोचून दहा घागरी ओढायचे. मी रहाटाजवळ बसून मोजायची. मोजता मोजता ते मला पावकी, निमकी, असे अपूर्णांकांचे पाढे म्हणायला लावायचे. चुकले की घागर मधेच थांबायची. बरोबर आलं की लिंबाची गोळी. मला अजून पाऊणकी म्हणताना रहाटाची करकर ऐकू येते आणि जिभेवर आंबट लागतं.

मिरगाचा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बसलिंगप्पा स्वतः आमच्या ओसरीवर आले. गळ्यातलं लिंग हातात घेऊन म्हणाले, "माणिकप्पा, तुझं माझं फिटलं." मागं मुनीमकाका उभे होते. ते गेल्यावर अव्वानं अप्पांना विचारलं, चिठ्ठी का मागून घेतली नाही. अप्पा तिच्यावर रागावले. माणसानं लिंगावर हात ठेवला आणि वर मी कागद मागू, असं म्हणाले. आम्हा लिंगायतांत असंच आहे. लिंगावरचा शब्द झाला की त्यावर कागद मागणं म्हणजे शिवी दिल्यासारखं.

हे सगळं मला त्या कागदावरची ओळ वाचताना आठवलं. पण अव्वा पेन घेऊन आली होती.

"अव्वा, थांब."

"सहीच तर हाय," ती म्हणाली. "पैसे थोडेच मागायलेत. आणि मेलेल्या माणसाचं नाव कागदावर लोंबकळत ठिवायचं का?"

मी मुनीमकाकांना विचारलं, सही नाही केली तर काय होईल. ते भिंतीकडं बघत पाठ केल्यासारखं बोलले. नोटीस येईल, लातूरला जावं लागेल, चार लोकांत नाव निघेल. अव्वानं पेनाचं टोपण काढलं.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी कागद हातातच घेऊन परसात गेले आणि घागर आडात सोडली. आता नळ आलाय, रहाट फारसा फिरत नाही. तो नेहमीसारखा करकरला. झोळीतली लेक दचकून रडायला लागली. भरल्या घागरीतून मी तांब्या भरला आणि मुनीमकाकांपुढं धरला.

"पहिली घागर हाय काका," मी म्हणाले. "नऊ राहिल्या."

 त्यांनी तांब्या घेतला. वरून ओतून गटागटा प्यायले, सगळा, सदऱ्यावर सांडेपर्यंत. अव्वानं लेकीला उचलून खांद्यावर घेतलं होतं. लेकीचं रडणं थांबलं तेव्हा ते बोलले, हळू.

"सही करू नका वैनी."



"एवढं जुनं कर्ज मेल्यालं असतं. कोर्ट त्याला हात लावत न्हाई. तुमची सही पडली की मगच ते उठून बसतं. आमाला सहीमागं पाच रुपये हायत." त्यांनी तोंड पुसलं. "मी न्हाई तर दुसरा यील. गोड बोलंल, दमबी दील. सही द्यायची न्हाई, आन् एक रुपयाबी द्यायचा न्हाई."

अप्पांची चिठ्ठी अव्वानं मागितली. आज पहिल्यांदा मागितली. ती माझी नाही, मालकाला मोजून द्यावी लागते, असं ते म्हणाले आणि जुनी चिठ्ठी आणि माझ्याकडून घेतलेला तो नवा कागद दोन्ही पिशवीत घालून उठले. झोळीजवळ क्षणभर थांबले, खिसे चाचपले. खिशात काही निघालं नाही. लेकीच्या डोक्यावर नुसता हात ठेवून गेले.

 घर वाचलं ते अव्वाला कळत होतं. पण ज्या सहीचा तिला एवढा अभिमान, तीच घर घालवायला निघाली होती, हे तिला लागलं होतं. पेन तिनं देवळीत ठेवला तो मी तिथं असेपर्यंत पुन्हा काढला नाही.

पुढच्या महिन्यात मी लोह्याला सासरी आले. काल दुपारी तिचं कार्ड आलं. लेक निजलीय तोवर ते तिसऱ्यांदा वाचतेय. अक्षरं मोठी, ओळी चढाच्या. फटफटीवर एक तरणा माणूस आला होता, तिनं लिहिलंय. लई मोठ्यानं बोलला. मी म्हणाले, बाबा, मला सही येत न्हाई. तो म्हणाला, अंगठा द्या. मी अंगठ्याला आधीच चिंधी बांधून ठिवली होती. इळ्यानं कापलाय म्हणाले. पानी प्यायला दिलं, पिऊन गेला. लेकीला पावकी शिकव.

आणि खाली, कार्डाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, शेवटच्या काना-मात्रेसकट, सिद्धम्मा माणिकप्पा.