डर्बीचं जुनं नाव

अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत सकाळपासून तिसरा भाग चालला होता. इंग्लंडमधल्या गावांची नावं कशी पडली, यावरची मालिका. मराठी मजकूर शुभाचा, आवाज जयवंत तावड्यांचा. तावडेकाका सदुसष्ट वर्षांचे, पाच तास माइकसमोर उभे. सगळे भाग चार दिवसांत लिहून शुभाचेही डोळे चुरचुरत होते.

"समुद्रापलीकडून डेन लोक आले," काका वाचत होते. "गावाला ते 'बी' म्हणत. ग्रिमचं गाव ते ग्रिम्सबी. 'थॉर्प' म्हणजे मूळ गावातून फुटलेली वाडी. आणि 'थ्वेट' म्हणजे वनमुक्त भूमी..." ते थांबले. "शुभा, असं कोण बोलतं गं?"

"कोणी नाही. मला दुसरं सुचलंच नाही, काका."

"रान मोडून केलेली जमीन म्हण ना सरळ."

शुभाने कागदावर खोडून तसं लिहिलं. काचेपलीकडून हर्षद, रेकॉर्डिंगवाला, म्हणाला, "चला, पुढे."

"आज आपण डर्बी म्हणतो, त्या गावाचं आधीचं नाव नॉर्थवर्दी. डेन लोकांनी ते बदललं." काकांनी हेडफोन काढला. "मग आधीच्या लोकांनी काय केलं?"

"स्क्रिप्टमध्ये नाही ते. राहिले असतील तिथेच."

"आणि तोंडात कुठलं नाव होतं त्यांच्या?"

काका स्टुलावर बसले आणि सांगू लागले. त्यांच्या मालवणकडच्या तावडेवाडीत आता एकही तावडे राहिला नव्हता. जागा रिसॉर्टवाल्याने घेतली होती. रस्त्यावर 'पाम व्हिस्टा' असा बोर्ड लागला होता, आणि परवा एसटीच्या कंडक्टरनेही तेच नाव पुकारलं होतं.

"तुम्ही कंडक्टरला काही बोलला नाहीत?" शुभाने विचारलं.

"काय बोलू? विक्रीच्या कागदावर शेवटची सही माझीच होती. भाऊ वर्षभर मागे लागला होता, भांडून भांडून दमलो. तिकीट मात्र तावडेवाडीचं मागितलं. त्याला कळेना. मागच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, दे रे, मला माहित्येय ती कुठे आहे."

शुभाने पाण्याची बाटली पुढे केली. काका दोन घोट प्यायले.

"काका, राहू दे आजचं?" हर्षदने विचारलं.

"नको रे. उद्या परत बोरिवलीहून कोण येणार?"

ते उठले, हेडफोन चढवला. डर्बीचं वाक्य एका दमात नीट गेलं. अजून अकरा पानं बाकी होती. शुभाने पुढचं पान त्यांच्यासमोर ठेवलं.