पाणी पोचलं

वादळ येऊन गेल्याला तिसरा दिवस होता. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतकेंद्र थाटलं होतं, आणि तिथे बेसिनला खेटून टेलिफोनबाई सकाळपासून फोनला चिकटून बसल्या होत्या. बावीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेली बाई! कितीही खरखर असो, माणसाचा शब्द अचूक पकडणार अशी त्यांची ख्याती, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा थोडा तोराही होता.

केंद्राचा कारभार हेडमास्तरांकडे होता. त्यांची पद्धत साधी. फळ्यावर वस्त्यांची नावं लिहायची, आणि पिण्याचं पाणी पोचलं की त्या नावावर आडवी रेघ. होड्या दोनच, तहानलेली तोंडं शेकडो. रेघ पडली की त्या वस्तीकडे पुन्हा होडी जायची नाही, मग कोणी कितीही गयावया करो.

खालच्या वस्तीवरची रेघ बाईंनी स्वतः ओढली होती. सकाळी लहान होडी कॅन घेऊन तिकडे निघाली आणि तासाभराने, नऊच्या सुमाराला, तिथल्या दवाखान्याच्या कंपाउंडरचा फोन कसाबसा लागला. दवाखान्यात एकोणीस माणसं अडकली होती. त्यात त्याची दिवस भरलेली बायको, हे त्याने आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

“पाणी पोचलं का?” बाई घसा ताणून ओरडल्या.

“पोचलं ताई, पोचलं! अगदी दारापर्यंत...”

फोन बंद पडला. चला, एक वस्ती तरी मार्गी लागली, असं म्हणत बाईंनी खडू उचलला.

दुपारी एक वाजता लहान होडीचा नावाडी चिखलाने माखून दारात उभा राहिला.

“बाई, होडीच्या पंख्यात तार अडकली. चार तास विजेच्या खांबाला होडी बांधून बसलो होतो. सगळे कॅन तसेच परत आणलेत.”

“तसेच? मग खालच्या वस्तीला?”

“पोचलोच नाही ना! तिकडे पूर काय चढलाय म्हणता!”

बाईंना सकाळचा कंपाउंडरचा फोन आठवला. त्यांनी विचारलं होतं प्यायच्या पाण्याचं. तो बिचारा सांगत होता पुराचं. आणि आपण खुशाल रेघ ओढून मोकळ्या झालो!

मैदानाच्या कडेला मोठी होडी भरून तयार होती. हेडमास्तर ती गिरणीकडे रवाना करत होते. बाई पदर खोचून धावल्या.

“सर, होडी खालच्या वस्तीला वळवा.”

“तिथे रेघ पडलीय, बाई. गिरणीवर दीडशे माणसं कालपासून तहानलेली आहेत.”

“रेघ मी ओढली. चुकीची ओढली.” आणि त्यांनी सगळ्यांसमोर घडलं ते सांगून टाकलं.

तीस वर्षं पोरांच्या चुका काढलेले हेडमास्तर नुसते होडीकडे वळले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “आधी तिकडे जाऊ दे. गिरणीवाल्यांना काय सांगायचं ते मी बघतो.”

“मीही जाते,” म्हणत बाई चढल्यासुद्धा.

वाटेत छपरांचे पत्रे पाण्याखालून वर आले होते. नावाडी बांबूने अंदाज घेत इंच इंच पुढे सरकत होता. जोरात चला म्हणायची सोय नव्हती आणि गप्प बसवत नव्हतं. एकोणीस माणसं, एकोणीस माणसं, एवढंच बाईंच्या डोक्यात घुमत होतं.

दवाखान्याचा तळमजला बुडाला होता. माणसं गच्चीवर होती. कंपाउंडर जिन्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. होडी दिसताच तो वर वळून ओरडला, “बघा! म्हटलं नव्हतं, ताई होडी पाठवणार?”

बाईंनी डोकी मोजली. एकोणीस. त्यांना रडू फुटायचंच बाकी होतं.

चौघांनी चादरीच्या झोळीतून त्याच्या बायकोला खाली आणलं. तिला दुपारपासून कळा सुरू झाल्या होत्या.

“अकराला मासेवाल्यांची होडी येऊन गेली,” तिला नीट निजवता निजवता कंपाउंडर म्हणाला. “एकाचीच जागा होती. ही बसलीही होती. मीच हाताला धरून उतरवलं. म्हटलं, ताईंना कळवलंय, आपली मोठी होडी निघालीच असेल. ती जागा शेजारच्या घराच्या छपरावर अडकलेल्या आजींना दिली.”

गप्प राहिलं असतं तर कोणाला काही कळणार नव्हतं. पण बाईंना ते जमेना. त्या त्याच्या कानाशी वाकल्या.

“मला वाटलं, तुम्ही प्यायच्या पाण्याचं म्हणताय. मी तुमच्या वस्तीचं नाव खोडलं होतं.”

त्याचा चेहरा उतरला. त्याने बायकोकडे पाहिलं.

“हिला नका सांगू,” तो हळूच म्हणाला. “दिवसभर हिला तुमच्याच भरवशावर धीर दिलाय.”

तेवढ्यात तिने डोळे उघडले. “ह्याच का ताई?” असं विचारून तिने बाईंचा हात धरला आणि पुढची कळ आली तसा करकचून आवळला.