सैल वेढा

“नाना, घट्ट बांधा बरं का. मला सवय न्हाई,” स्टुलावर बसलेली सत्यशीला म्हणाली.

गाव ज्यांना नाना म्हणायचं, त्या अप्पारावांनी फेट्याचं एक टोक हातात घेतलं. गुलाबी फेट्याचं दुसरं टोक शिपाई नंदाबाईनं ताणून धरलं होतं. बाहेर मंडपात माईकवाला ‘हॅलो, हॅलो’ करत होता. गावाची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली होती आणि आज पहिल्या अधिकाऱ्यांचा सत्कार होता. मुख्याधिकारी बाहेरून आले, त्याचं अप्पारावांना काही वाटलं नव्हतं. पण कार्यालय अधीक्षक म्हणून निवडली गेली ती ही सत्यशीला! ग्रामपंचायतीत यांच्याच हाताखाली काम शिकलेली, कालपर्यंत यांच्या मागच्या टेबलावर बसणारी.

ती खुर्ची आपलीच, हे अप्पाराव इतकं धरून चालले होते की मुलाखतीआधीच त्यांनी सफारी शिवून घेतला. मुलाखतीला जालन्याला दोघं एकाच एसटीनं गेले. वाटेत तिनं डब्यातली अर्धी भाकर यांना दिली. आत साहेबांनी विचारलं, “नव्या नगरपंचायतीत तुम्ही काय बदलाल?” अप्पाराव म्हणाले, “बदलायचं कशाला साहेब? समदं बराबर चालू हाये की!” साहेब हसले. ते हसू अप्पारावांनी होकार समजून घरी आणलं, सोबत पेढेही आणले. पुढं ते पेढे कुणी खाल्ले नाहीत.

तेव्हापासून पोटात नुसतं जळत होतं. तिची नवी साडी दिसली तरी जळायचं, तिनं “नाना, चहा घेता का?” विचारलं तरी जळायचं. आणि आता तिला फेटा बांधायचा तोही यांनीच. नवरदेव असो की पुढारी, गावात फेटा अप्पारावच बांधत. नानांनी बांधलेला फेटा कधी पडला नाही, असं लोक पाहुण्यांना कौतुकानं सांगत.

बाहेरून हाक आली तशी नंदाबाई गेली. अप्पारावांनी पहिला वेढा घेतला. सगळी मदार त्याच वेढ्यावर असते. तो त्यांनी मुद्दाम बोटभर सैल सोडला. वरचे वेढे मात्र नेटके काढले, तुराही झोकात उभा केला. पाया पडायला वाकली की येईल खाली, पडू दे एकदा चारचौघांत, असं त्यांच्या मनात आलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

पण सत्यशीला वाकलीच नाही. स्टेजच्या पायरीवर ती क्षणभर थबकली, मग सरळ वर गेली. हार उभ्यानं घेतला. मुख्याधिकाऱ्यांना नुसते हात जोडले. पहिल्याच रांगेत तिची सासू आसराबाई पदर सावरून उठून उभी राहिली होती, तिच्यासमोरही मान खाली गेली नाही.

“पाह्यलं का नाना?” नंदाबाई कुजबुजली. “सासू वाट पाहून राह्यली अन् ही वाकंना. खुर्ची भेटली न्हाई तोच एवढा ताठा!”

“हां,” अप्पाराव म्हणाले. फेटा पडला नव्हता, तरी त्यांना गोड वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर सत्यशीला हळूहळू चालत आतल्या खोलीत आली आणि स्टुलावर बसली.

“उतरवा नाना.”

अप्पारावांनी हात लावला आणि फेटा अलगद त्यांच्या हातात आला. तिनं दोन्ही हातांनी मान चोळली.

“पायरीवरच हालला व्हता. म्हटलं, आता वाकले तं गेला.”

“मंग हातानं धरायचं न्हाई का?”

“धरला असता तं समद्यायला दिसलं असतं. नानाचा फेटा पडला, असं झालं असतं गावात.” ती उठली. “बांधताना तुमची घाई झाली आसंल. मी आत्याबाईच्या पाया पडून येते.”

ती धावतच गेली. खिडकीतून अप्पारावांना मंडप दिसत होता. आसराबाईंची खुर्ची रिकामी होती. सत्यशीला त्या खुर्चीपाशी उभी राहून इकडंतिकडं पाहत होती, आणि बाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

नंदाबाई आत आली. “आसराबाई रडत घरी गेली. लई माजली ही. पण नाना, फेटा तुमचा! एवढ्या टायमात हाललासुदीक न्हाई.”

अप्पारावांनी तोंड उघडलं. एकच वाक्य बोलायचं होतं. नंदाबाईला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

“नंदाबाई,” ते म्हणाले, “तेवढं टोक धरा.”

आणि ते फेट्याची घडी घालू लागले.